कऱ्हेच्या काठाने अत्र्यांकडे

मागच्या अंकात आचार्य अत्र्यांच्या पुरंदर तालुक्याबद्दल चार ओळी आल्या होत्या, त्यावर बरेच प्रश्न आलेत. कोणाला दोन दिवसांची ट्रिप करायचीय, कोणाला मुलांना न्यायचंय आणि एकांनी तर जागा बघून लेखक कळतो का असं सरळ विचारलंय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न (नाशिक): बाबांच्या कपाटात 'कऱ्हेचे पाणी' होतं, कॉलेजात असताना झपाटल्यासारखं वाचलं होतं. आता रिटायर झालोय. मी आणि मिसेस दोन दिवस काढून अत्र्यांचा भाग बघायचा म्हणतोय. इंटरनेटवर शोधलं की सासवडचं आचार्य अत्रे सांस्कृतिक भवन येतं, पण ते तर थोड्या वेळात बघून होईल. मग पुढे काय करायचं?

उत्तर: काका, भवन बघाच, पण सुरुवात तिथून करू नका. अत्र्यांनी स्वतःच्या आयुष्याच्या पुस्तकाला नाव दिलं ते नदीचं, तेव्हा तुम्हीही नदीच धरा. कऱ्हा उगम पावते पुरंदरच्या पश्चिमेला गराड्याच्या बाजूच्या डोंगरात, मग सासवड, पुढे जेजुरीजवळून मोरगाव, बारामती, आणि सोनगावला नीरेला मिळते. एवढीशी नदी आहे, नकाशावर बोटाने दाखवली तरी संपते, पण तिच्या काठावर कोण कोण आहे बघा. सासवडला ज्ञानेश्वरांचे धाकटे भाऊ सोपानदेव यांची समाधी. बारामतीला मोरोपंतांचं बहुतेक आयुष्य गेलं, आणि श्रीधरांचं शिवलीलामृतसुद्धा बारामतीलाच लिहून झालं, १७१८ साली. संत, पंत आणि पुढे अत्रे, सगळे एकाच काठावरचे! माझं तर मत आहे की मराठी साहित्य शिकवणाऱ्यांनी पोरांना एकदा तरी ही नदी दाखवायला पाहिजे.

पहिल्या दिवशी सकाळी पुण्याहून हडपसरमार्गे दिवे घाट चढून या. सासवड पुण्यापासून साधारण ३० किलोमीटर, पण घाट चढून वर आलात की हवा, जमीन, झाडं सगळंच बदलतं. खाली वडकीजवळचा मस्तानी तलाव दिसतो तिथे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं थांबा. याच घाटाने माउलींची पालखी वर येते आणि सासवडला मुक्काम करते, आणि तो मुक्काम चालू असतानाच सोपानकाकांची पालखी सासवडहून पंढरीला निघते. ज्या गावात दरवर्षी लाखो माणसं टाळमृदंग घेऊन उतरतात त्या गावात लहानपण गेलेल्या माणसाला गर्दीची भीती वाटेल कशी? अत्र्यांच्या सभांना माणसांचा समुद्र असायचा आणि ते त्यात अगदी घरच्यासारखे वावरायचे. मला त्याचं मूळ इथेच दिसतं.

सासवडमध्ये आधी सोपानदेवांच्या समाधीला जा, मग संगमेश्वराला. कऱ्हा आणि चांबळी या दोन नद्यांचा संगम आहे, काठावर दगडी मंदिर आणि पायऱ्या, तिथे निवांत बसा. त्याच परिसरात बाळाजी विश्वनाथ पेशव्यांची समाधी आहे, १७२० साली ते सासवडलाच वारले. गावात पुरंदऱ्यांचा वाडा आहे, बाहेरचे बुरूज आणि दरवाजा बघितला की शनिवारवाड्याची आठवण येते. मग दुपारचं ऊन उतरल्यावर नारायणपूरच्या रस्त्याने चांगावटेश्वराला, हे पण नदीकाठीच, चांगदेवांच्या नावाशी जोडलेलं देऊळ, खांबांवरचं कोरीव काम बघण्यासारखं आहे आणि गर्दी अजिबात नसते.

आणि कोडीत. अत्र्यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ ला कोडीतचा. सासवडपासून जवळ आहे, गाडीने पटकन होतं, पण तिथे स्मारक बघायचं असं डोक्यात ठेवून जाऊ नका, गाव बघायला जा. पारावर कोणी म्हातारं माणूस बसलेलं असेल तर राम राम घालून बोलायला सुरुवात करा, तुम्ही अत्र्यांसाठी आलात म्हटल्यावर बोलणं आपोआप वाढतं. तिथली बोली कानावर पडू द्या, आवाज मोठा, शब्द रोखठोक आणि मधेच असा एखादा टोला की समोरचा हसतही असतो आणि गारही होतो. आपण ज्याला अत्र्यांची शैली म्हणतो तिचा कच्चा माल हा आहे असं मला अगदी मनापासून वाटतं.

दुसरा दिवस जेजुरी, मोरगाव आणि वेळ उरला तर बारामती. फक्त एक करा, 'कऱ्हेचे पाणी'चा पहिला खंड बरोबर असू दे. संगमावर बसून सासवडच्या बालपणाची पानं काकूंना मोठ्याने वाचून दाखवा, त्यांची भाषा मुळात कानाने ऐकायचीच आहे.

प्रश्न (ठाणे): ताई, मुलगा नववीत आहे. त्याला अत्रे म्हणजे 'श्यामची आई' सिनेमा एवढंच माहिती. श्यामचं गाव पण सासवडकडेच आहे का? आणि तो कंटाळेल का तिथे?

उत्तर: नाही, श्यामचं गाव म्हणजे साने गुरुजींचं पालगड, ते दापोली तालुक्यात, कोकणात. तिकडे वेगळी ट्रिप करा, एकाच सुट्टीत दोन्ही कोंबू नका.

पण मुलाला एक गोष्ट नक्की सांगा. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, पुस्तक आलं १९३५ ला आणि अत्र्यांनी सिनेमा केला १९५३ ला. वनमाला आई, माधव वझे श्याम, संगीत वसंत देसाईंचं. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार सुरू झाले तेव्हा पहिलंच राष्ट्रपती सुवर्णपदक या सिनेमाला मिळालं, सगळ्या भारतातल्या सिनेमांमधून, आणि सिनेमा मराठी! आता विचार करा, अत्रे घाटावरच्या कोरड्या मुलखातले, त्यांचा स्वभाव गडगडाटी, विनोदी, भांडकुदळ म्हटलं तरी चालेल, आणि त्यांनी कोकणातल्या एका हळव्या मुलाची आणि त्याच्या आईची गोष्ट इतक्या मायेने पडद्यावर आणली. त्यातली 'छडी लागे छमछम' आणि 'भरजरी गं पितांबर' ही गाणी पण अत्र्यांचीच. ते मुळात मास्तर होते हे विसरून चालणार नाही, पुण्यात कॅम्पातल्या शाळेत कित्येक वर्षं मुलांना शिकवलं, शिकवायचं कसं हे शिकायला लंडनला जाऊन आले, 'नवयुग वाचनमाला' काढली. वर्गातली पोरं काय बघून हसतात आणि कशाने रडतात हे त्यांना पक्कं माहीत होतं.

कंटाळ्याचं म्हणाल तर नववीतल्या मुलाला समाधी-मंदिरं दिवसभर दाखवलीत तर कंटाळेलच. त्याला सोनोरीच्या मल्हारगडावर न्या. चढ सोपा आहे, गड आटोपशीर आहे आणि महाराष्ट्रात सगळ्यात शेवटी बांधलेला किल्ला म्हणून तो ओळखला जातो, १७५७ ते १७६० मधलं बांधकाम, पानसे सरदारांचं. वरून कऱ्हेचं सगळं खोरं दिसतं. मग त्याला सांगा की या एवढ्याशा खोऱ्यातल्या मुलाने पुढे नाटकं लिहिली, सिनेमे काढले, 'नवयुग' साप्ताहिक काढलं, 'मराठा' दैनिक काढलं आणि संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं राज्य ढवळून काढलं. नकाशा आणि माणूस एकदम समोर आला की पोरं ऐकतात.

प्रश्न (लातूर): जायच्या आधी काय वाचू आणि काय बघू? अत्र्यांचं लिखाण एवढं आहे की सुरुवात कुठून करावी कळत नाही.

उत्तर: 'कऱ्हेचे पाणी'चा पहिला खंड, त्याला पर्याय नाही. सगळे खंड आधी वाचून मग निघू असं ठरवलंत तर निघणंच होणार नाही, बाकीचे नंतर.

मग 'झेंडूची फुले', १९२५ चं, केशवकुमार या नावाने लिहिलेल्या विडंबन कविता. काही कविता आज पटकन लागत नाहीत कारण ज्यांची टर उडवलीय ते कवीच आता आपण वाचत नाही, ते सोडून पुढे जा. पण दसऱ्याच्या आसपास गेलात तर पुरंदरमध्ये खरोखरच्या झेंडूची शेतं बघायला मिळतात, पिवळाधमक आणि केशरी तुकडा मधेच दिसला की गाडी थांबवावीशी वाटते. त्याच केशवकुमारांची 'आजीचे घड्याळ' जरूर वाचा, भिंतीवर घड्याळ नसताना दिवसाची अचूक वेळ सांगणारी आजी. शाळेत पाठ केली होती तेव्हा गोड वाटली होती, कोडीत-सासवडच्या शेतांतून फिरून आल्यावर वाचली की कोंबडा आरवण्यापासून रात्रीपर्यंतचा अख्खा दिवस डोळ्यांपुढे येतो.

सिनेमांपैकी 'ब्रह्मचारी', १९३८, दिग्दर्शन मास्टर विनायकांचं, कथा-पटकथा अत्र्यांची. मीनाक्षी शिरोडकरांच्या 'यमुनाजळी खेळू खेळ' गाण्यावर तेव्हा केवढं वादळ झालं होतं, ते गाणं पण अत्र्यांचंच. ढोंगाची चीड आणि हसवता हसवता कान पकडणं, दोन्ही त्यात भरपूर आहे. 'ब्रँडीची बाटली' वेळ असला तर. 'तो मी नव्हेच' हे नाटक बघितलंच असेल, नसेल तर ट्रिपशी संबंध नसला तरी बघा, त्यातला लखोबा लोखंडे निपाणीचा, तो मुलूख वेगळा.

प्रश्न (पुणे): अत्र्यांनी महात्मा फुल्यांवर सिनेमा काढला होता ना? त्याचा पुरंदरशी काही संबंध आहे का?

उत्तर: आहे, आणि हा प्रश्न आला याचा मला फार आनंद झाला कारण ट्रिपला येणारे शंभरातले नव्व्याण्णव लोक हे गाव चुकवतात. खानवडी. फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. तिथून ते पुरंदर तालुक्यातल्या खानवडीला आले आणि पुढे पुण्याला जाऊन फुलांच्या धंद्यात पडले, तेव्हापासून फुले. म्हणजे जोतिरावांच्या वाडवडिलांचं गाव आणि अत्र्यांचं गाव एकाच तालुक्यात.

अत्र्यांचं फुल्यांवरचं प्रेम सिनेमापुरतं नव्हतं. ते पुण्याच्या नगरपालिकेत होते तेव्हा रे मार्केटचं नाव बदलून महात्मा फुले मंडई करण्यात त्यांचाच पुढाकार होता. त्या काळात पुण्याच्या भर वस्तीत फुल्यांचं नाव द्यायचं म्हणजे काय हे आज मंडईत भाजी घेताना लक्षात येत नाही. मग १९५४ चा 'महात्मा फुले' सिनेमा, बाबुराव पेंढारकर जोतिराव आणि सुलोचनादीदी सावित्रीबाई. त्यालाही राष्ट्रीय पुरस्कारांत मराठीसाठीचं रौप्यपदक मिळालं. 'श्यामची आई' सगळ्यांच्या लक्षात राहिला आणि हा मागे पडला, हे बरोबर नाही झालं. जातीने ब्राह्मण असलेला, सासवडच्या परंपरेत वाढलेला माणूस स्वतःच्या पैशाने आणि नावाने फुल्यांचं आयुष्य पडद्यावर आणतो, तेही १९५४ ला, ही मला त्यांच्या सगळ्या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते.

खानवडीला जाणार असाल तर लवकर जा. प्रस्तावित पुरंदर विमानतळासाठी ज्या सात गावांच्या जमिनींची नावं आहेत त्यात खानवडी पण आहे, कुंभारवळण, एखतपूर, मुंजवडी, पारगाव, वनपुरी, उदाचीवाडी ही बाकीची. अंजीर, सीताफळ, फुलं, वाटाणा पिकवणारी माणसं आहेत ही. त्यांच्याशी बोलाल तर जमिनीबद्दलच बोलतील, ते ऐकून घ्या, घाई करू नका. अत्रे आज असते तर 'मराठा'चा अग्रलेख कशावर आला असता याबद्दल मला शंका नाही.

प्रश्न (वाई): माझे गुडघे दुखतात. पुरंदर किल्ला आणि जेजुरी, दोन्हीपैकी एकच जमेल. कुठे जाऊ?

उत्तर: काकू, अत्र्यांसाठी जात असाल तर जेजुरी. पुरंदरचं महत्त्व मोठंच, संभाजीराजांचा जन्म १४ मे १६५७ चा तिथला, ११ जून १६६५ चा तह तिथल्या पायथ्याचा, मुरारबाजींचं बलिदान तिथलं. आणि खरं तर माचीपर्यंत गाडी जाते म्हणून गुडघ्यांना तोच सोपा, पण लष्कराच्या ताब्यात आहे, ओळखपत्र लागतं, संध्याकाळी लवकर बंद होतो आणि केदारेश्वरापर्यंत जायचं तर चढ आहेच. माचीवर मुरारबाजींच्या पुतळ्यापर्यंत जाऊन परत आलात तरी चालेल.

जेजुरीला पायऱ्या भरपूर आहेत हे खरं, पण तुम्हाला वर जायलाच पाहिजे असं कुठे आहे? खाली गावात बसा, दीपमाळा बघा, भंडारा उधळताना बघा, वाघ्या-मुरळी दिसतील. शक्य असेल तर एखाद्या जागरणाची चौकशी करा. जागरणात गाणं, गोष्ट, विनोद, टोमणा, देवाशी सलगी हे सगळं एकाच माणसाच्या तोंडून येतं आणि ऐकणारे मधेच हसतात आणि मधेच हात जोडतात. अत्र्यांचं भाषण ज्यांनी ऐकलंय ती पिढी सांगायची की हशा चालू असतानाच ते एकदम गंभीर व्हायचे आणि सभा चिडीचूप व्हायची. कीर्तन आणि जागरण ऐकत वाढलेल्या माणसाला हे कोणी वेगळं शिकवावं लागत नाही.

सोमवती अमावास्येला खंडोबाची पालखी गडावरून उतरून कऱ्हेवर स्नानाला जाते. फार मोठा सोहळा असतो, पण गुडघे दुखत असतील तर त्या दिवशी नको, रविवार पण नको. मंगळवार-बुधवार गाठा.

प्रश्न (बारामती): मी कऱ्हेकाठचाच. पण मला एक पटत नाही. अत्रे शिकायला पुण्याला गेले, नाव झालं पुण्यात आणि मुंबईत, वारलेही मुंबईत. सासवडशी त्यांचा संबंध तो किती? लेखक समजायला त्याचं गाव बघावं लागतं हे जरा जास्तच होतंय असं नाही वाटत?

उत्तर: दादा, तुमच्या म्हणण्यात तथ्य आहे. गडकऱ्यांचं शिष्यत्व पुण्यात मिळालं, नाटकं मुंबई-पुण्याच्या थेटरांत गाजली, सिनेमा कोल्हापूर-मुंबईच्या स्टुडिओत झाला. गाव न बघताही अत्रे कळतात, पुस्तकं आहेत ना.

पण आयुष्यात इतकं सगळं करून झाल्यावर, मुंबईत 'शिवशक्ती'सारखी वास्तू उभी केल्यावर, आत्मचरित्र लिहायला बसलेला माणूस नाव कोणतं देतो? वरळीच्या समुद्राचं देत नाही, मुठेचं देत नाही. जी नदी वर्षातले कितीतरी महिने धड वाहतही नाही तिचं देतो. तुम्ही काठावरचेच आहात, उन्हाळ्यात कऱ्हेचं काय होतं ते तुम्हाला मी काय सांगणार. पर्जन्यछायेतला मुलूख, पाऊस घाटावरच अडतो, माणसं टँकरची वाट बघतात आणि त्याच जमिनीतून असं अंजीर काढतात की पुरंदरच्या अंजिराला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. कमी पाण्यावर गोड फळ काढायचं तर माणूस चिवट लागतो. अत्र्यांनी किती वेळा सगळं गमावलं, सिनेमांत कर्ज झालं, पेपर चालवताना दमछाक झाली, निवडणुकीत मार खाल्ला आणि पुन्हा उभे राहिले ते बघा. हा चिवटपणा पुण्यातल्या कॉलेजात शिकवत नाहीत.

म्हणून मी म्हणते की गाव बघून लेखक पहिल्यांदा कळत नाही, आधी वाचलेलाच लेखक जास्त कळतो. न वाचता गेलात तर सासवड हे एक चांगलं, धुळीचं, गजबजलेलं तालुक्याचं गाव आहे, बाकी काही नाही. आणि तुम्ही बारामतीचे आहात तर उलटं करा, मोरोपंतांपासून नदीच्या वर वर सोपानदेवांपर्यंत या. मोरोपंतांच्या आर्या आणि अत्र्यांचं विडंबन, दोघांनाही शब्दांशी खेळायचा केवढा नाद! या वाटेने कोणी लिहिलेलं मी तरी वाचलेलं नाही, तुम्ही लिहून पाठवलंत तर आवडेल.

प्रश्न (मुंबई): पुरंदरला येणं होणार नाही, वय झालंय. मुंबईतच अत्र्यांसाठी काही बघता येईल?

उत्तर: आजोबा, वरळीला जा. आता तर मेट्रोच्या तीन नंबरच्या लाइनवर आचार्य अत्रे चौक नावाचं स्टेशनच आहे, लिफ्ट आहे, त्रास होणार नाही. शिवाजी पार्कवरून पण चक्कर मारा, संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तुम्ही कदाचित स्वतः ऐकल्या असतील. ऐकल्या असतील तर आठवतंय ते सगळं नातवंडांकडून मोबाइलवर रेकॉर्ड करून घ्या, ही विनंती समजा. ते ऐकलेली माणसं आता कमी होत चाललीत.

प्रश्न (सोलापूर): गाडी नाहीये. एसटीने ही नदीकाठची ट्रिप होईल का? आणि कोणता महिना बरा?

उत्तर: आरामात होईल. स्वारगेटहून सासवड, जेजुरी, मोरगाव करत बारामतीला जाणाऱ्या एसट्या आहेत, म्हणजे अख्खी नदीच धरून रस्ता आहे. सासवडपर्यंत पीएमपीच्या बसही भरपूर. तुम्ही सोलापूरहून येताय तर आधी बारामतीला उतरून नदीच्या उलट्या दिशेने सासवडला या, पुण्यापर्यंत जाऊन परत फिरायची गरज नाही. कोडीत, खानवडी, चांगावटेश्वर यांना मात्र सासवडहून रिक्षा ठरवा, तीनही एका दिवसात होतात, भाडं आधी बोलून घ्या.

महिना सप्टेंबर-ऑक्टोबर. पाऊस ओसरलेला, डोंगर हिरवे, नदीला थोडं तरी पाणी, बाजारात सीताफळं. सासवडच्या बाजारात सकाळी लवकर गेलात तर पाट्याच्या पाट्या लागलेल्या असतात. अंजीर हवं असेल तर मग हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या सुरुवातीला. १३ ऑगस्टला अत्र्यांची जयंती असते, त्या सुमारास गेलात तर सासवडला काही कार्यक्रम आहे का ते आधी विचारून निघा. पालखीच्या दिवसांत वारीसाठी जायचं असेल तर जरूर जा, पण तेव्हा राहायला खोली मिळणार नाही आणि घाटात वाहनं बंद ठेवतात, ते धरून चला.